दगडातली घरं

गेल्या वर्षी उमरा झाल्यावर जेद्दाहच्या दिरांनी विचारलं, "भाभी, मदीनेहून गाडीने अल-उलाला जायचं का?" मुलं आनंदली. सासूबाई मात्र म्हणाल्या, "ती सहलीची जागा नव्हे." हिजरी 9 मध्ये तबूकला जाताना पैगंबरांनी (स.) सोबत्यांना समूद कौमच्या त्या वस्तीत रडतच शिरायला सांगितलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

तरी त्या आल्या. तीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता. अल-उलाला दोन्ही बाजूंना तांबूस कडे, मध्ये खजुरीच्या बागा. पुढे हिज्र. नबाती लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या खडकात कोरलेल्या 111 मोठ्या कबरी आहेत. 2008 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेलं हे सौदीतलं पहिलं ठिकाण. काही दारांवर मालकांची नावं अजून आहेत, कबरी रिकाम्या. सासूबाई दुआ पुटपुटत राहिल्या. फोटो कुणीच काढले नाहीत.

परतताना धाकटी म्हणाली, "अम्मी, महाडजवळ गांधारपालेलाही लेणी आहेत ना? ती आपण का नाही पाहिली?"

मी गप्प. महामार्गावरून माहेरी पनवेलला जाताना ती बौद्ध लेणी कितीदा दिसली, पण पायऱ्या कधी चढले नाही. इबरत घ्यायला एवढं लांब जावं लागत नाही.

पाऊस उघडला की जाऊ. पोलादपूरच्या नणंदेलाही निरोप धाडलाय.