विश्लेषण : हिवतापाचा परजीवी लशीला का चकवतो?

दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, की कागल तालुक्यातील बिद्री परिसरात परजिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. अशा वेळी कुणाला थंडी वाजून ताप आला, तर आरोग्य सेवक बोटाला सुई टोचून रक्तनमुना घेतो. हिवताप निघाला तर गोळ्या सुरू होतात आणि नोंद वरच्या कार्यालयात जाते. मात्र हा परजीवी कोणत्या वाणाचा, तो इथलाच की बाहेरून आलेला, हे काचपट्टी सांगत नाही. भारताने २०२७ पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यामुळे या प्रश्नांना आता महत्त्व आले आहे.

पृष्ठभागावरील प्रथिने म्हणजे काय?

परजीवीच्या बाहेरील आवरणावरची प्रथिने हा त्याचा चेहरा असतो. शरीराची प्रतिकारशक्ती तो पाहूनच शत्रू ओळखते. हिवतापाचा परजीवी मात्र बहुरूपी आहे. डास चावताना शरीरात शिरणाऱ्या रूपावर ‘सीएसपी’ हे प्रथिन असते. यकृतातून बाहेर पडून तांबड्या पेशींवर हल्ला करणाऱ्या रूपावर ‘एमएसपी’ गटातील प्रथिने असतात. फाल्सिपेरम जातीचा परजीवी तर संसर्ग झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावरही आपले प्रथिन मांडतो. त्यासाठी त्याच्याकडे सुमारे ६० जनुके असतात आणि तो ती आलटूनपालटून वापरतो.

इतकी विविधता येते कुठून?

ऊस कांडीपासून लावतात, म्हणून अख्खा फड एकाच वाणाचा राहतो. परजीवीचे तसे नाही. त्याचे नर-मादी मीलन अ‍ॅनॉफिलिस डासाच्या पोटात होते. डासाने दोन वाणांचे परजीवी असलेले रक्त शोषले, तर त्यांची जनुके मिसळतात आणि नवे वाण जन्माला येते. ज्या वाणाचा चेहरा प्रतिकारशक्तीच्या ओळखीचा नाही, ते अधिक तगते. त्यामुळेच एकदा हिवताप होऊन गेला, तरी पुन्हा होऊ शकतो.

लशीवर काय परिणाम होतो?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ऑक्सफर्ड विद्यापीठासोबत तयार केलेल्या ‘आर-२१’ लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. आफ्रिकेतील चार देशांतल्या चाचणीत हंगामी हिवतापाच्या भागांत ती वर्षभरात ७५ टक्के परिणामकारक ठरली. ही लस आणि तिच्या आधीची ‘आरटीएस,एस’ या दोन्हींत ‘सीएसपी’चे तुकडे आहेत. ते ज्या कुळातून घेतले, तो परजीवी नेदरलँड्समध्ये शिफोल विमानतळाजवळ राहणाऱ्या एका रुग्णात सापडला होता.

‘सीएसपी’चा एक भाग सर्व फाल्सिपेरममध्ये जवळपास सारखा असतो, तर शेपटाचा भाग वाणागणिक बदलतो. ‘आरटीएस,एस’ घेतलेल्या आफ्रिकी बालकांच्या रक्तनमुन्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शेपटाचा भाग लशीशी तंतोतंत जुळणाऱ्या परजीवींविरुद्ध पहिल्या वर्षातील परिणामकारकता ५०.३ टक्के होती, तर न जुळणाऱ्यांविरुद्ध ३३.४ टक्के. त्या वयोगटात जुळणारे संसर्ग होते १३९ आणि न जुळणारे १,९५१. लस निरुपयोगी नाही, पण परजीवीचा चेहरा बदलला की तिचे बळ घटते, असा याचा अर्थ.

महाराष्ट्राला याचे काय?

या लशी फक्त फाल्सिपेरमविरुद्ध आहेत. राज्यात हिवतापाचे मोठे ओझे वाहणाऱ्या गडचिरोलीत फाल्सिपेरमचे प्राबल्य आहे, तर मुंबईत व्हायव्हॅक्सचे. म्हणजे पुण्यात बनलेली लस मुंबईच्या बहुतेक रुग्णांच्या कामाची नाही. गडचिरोलीत ती द्यायची ठरली, तर तिथल्या परजीवीचा चेहरा आधी वाचावा लागेल. आफ्रिकेतले आकडे जसेच्या तसे जंगलपट्ट्याला लावता येणार नाहीत.

बिद्रीसारख्या गावात काय फरक पडेल?

जिथे रुग्ण मोजकेच असतात, तिथे प्रत्येक रुग्णाचा माग काढावा लागतो. व्हायव्हॅक्स यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उसळतो. त्यामुळे फडात आलेला ताप मजुराने गावाहूनच आणलेला असू शकतो. ‘एमएसपी’सारख्या प्रथिनांच्या जनुकांची तुलना केली, तर दोन रुग्णांतील परजीवी एकाच वाणाचे आहेत का, हे पडताळता येते. दोघे एकाच वाणाचे निघाले, तर डासांमार्फत स्थानिक फैलाव सुरू झाल्याचा संशय बळावतो आणि फवारणी तातडीची ठरते.

पुढे काय व्हावे?

निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या रक्ताचा एक थेंब फिल्टर पेपरवर वाळवून जपणे खर्चिक नाही. जिल्हा हिवताप कार्यालयांनी हे नमुने गोळा करावेत आणि राज्याने त्यांची जनुकीय तपासणी करून निष्कर्ष जाहीर करावेत. मजुरांकडे रोग आणणारे म्हणून बोट दाखवणे मात्र कटाक्षाने टाळले पाहिजे. व्हायव्हॅक्सवरील प्रायमाक्वीनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. टोळी दुसऱ्या फडावर गेली, तरी गोळ्या तिच्यामागे पोहोचवणे ही यंत्रणेची जबाबदारी आहे. रुग्ण कमी होत जातील तशी नमुन्यांची संधीही कमी होत जाईल. म्हणूनच परजीवीचे चेहरे आत्ताच टिपून ठेवायला हवेत.