आगकाडीला मनाई, तोफेला मोकळीक

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत, खिडकीपासून दूर, कुलुपाच्या कपाटांत, जाड कांचेची एक बाटली कित्येक वर्षें होती. तींत कांठोकांठ पाणी भरलेलें असे, आणि पाण्याच्या तळाशीं मेणासारख्या फिकट पिंवळ्या कांड्या पडलेल्या असत. वर्षांतून एकदां ती बाटली बाहेर येई. मी चिमट्यानें कांडी पाण्याखालींच धरून तिचा मसुरेएवढा तुकडा कापीत असें व तो टिपकागदावर ठेवून मागें सरत असें. सगळा वर्ग श्वास रोखून पाही. आगकाडी नाहीं, दिवा नाहीं. तरी थोड्याच वेळांत तो तुकडा आपला आपण धुमसूं लागे आणि एकदम पेट घेई. पांढऱ्या धुराचा लोट उठे, खोलींत लसणासारखा वास पसरे, आणि मागच्या बाकावरचीं मुलें उभीं राहून टाळ्या वाजवीत.

हा पांढरा फॉस्फरस. हवेच्या सुमारें तीस अंश उष्णतेलाच तो पेटतो. म्हणजे आपल्या इकडच्या चैत्र-वैशाखांत त्याला निमित्तहि लागत नाहीं. म्हणून त्याला पाण्यांत ठेवावें लागतें.

एके वर्षीं प्रयोग संपल्यावर एका मुलानें विचारलें, "सर, हाच का आगकाडीला लावतात?" मीं सांगितलें, "पूर्वीं लावीत असत. पुढें कायद्यानें बंदी झाली." "मग आतां याचें काय करतात?" मीं अम्लाचें नांव घेतलें, खतांच्या कारखान्यांचें नांव घेतलें, आणि शेवटीं म्हणालों, "लढाईंत धुराचे गोळे करतात." मुलगा क्षणभर गप्प राहिला व म्हणाला, "आगकाडीला चालत नाहीं तें गोळ्याला कसें चालतें?" इतक्यांत घंटा झाली. त्या प्रश्नाचें उत्तर माझ्याकडून राहून गेलें, तें येथें देण्याचा प्रयत्न करतों.

फॉस्फरसचा शोध १६६९ सालीं जर्मनींतील हॅम्बुर्ग शहरीं हेनिग ब्रांट नांवाच्या किमयागारास लागला. त्याला सोनें पाहिजे होतें. मानवी मूत्र आटवून व तापवून त्याच्या हातीं आला तो अंधारांत चकाकणारा हा पदार्थ. (त्याच हॅम्बुर्गवर १९४३ च्या जुलई महिन्यांत जे आगलावे बॉम्ब पडले, त्यांतील कांहींत फॉस्फरस होता. आगीची वावटळ उठली आणि हजारों रहिवासी तींत मेले.) एकोणिसाव्या शतकांत हा पदार्थ आगकाडीच्या टोकाला लागला. काडी कोठेंहि घासली तरी पेटे, गिऱ्हाईक खूष होई. पण ती काडी बुचकळणाऱ्या मजुरांच्या, विशेषतः बायकामुलींच्या, नाकातोंडांत दिवसभर त्याची वाफ जाई. आधीं दांत दुखूं लागे, मग हिरड्या सुजत, पू वाहूं लागे, आणि अखेर जबड्याचें हाडच कुजे. त्याला इतकी दुर्गंधि येई कीं घरचीं माणसें जवळ बसूं शकत नसत. कित्येकांचा जबडा कापून काढावा लागला, कित्येक मेले.

लंडनमधील ब्रायंट आणि मे यांच्या कारखान्यांत १८८८ सालीं सुमारें १,४०० बायकामुलींनीं संप केला. मजुरींतून कापला जाणारा दंड, तुटपुंजी मिळकत आणि हा रोग, हीं सगळींच गाऱ्हाणीं तेव्हां चव्हाट्यावर आलीं. १८९१ सालीं मुक्तिफौजेनें त्याच शहरांत लाल फॉस्फरस वापरणारा आगपेट्यांचा कारखाना काढला. लाल फॉस्फरस हें त्याच मूलद्रव्याचें दुसरें रूप आहे. तो आपोआप पेटत नाहीं, आणि पांढऱ्यासारखा विषारीहि नाहीं. आपल्या घरच्या आगपेटीच्या कडेला जो तपकिरी पट्टा असतो त्यांत तोच असतो. कारखानदार अर्थातच कुरकुरले. नवी काडी महाग पडेल, लोकांना जुनीच आवडते, धंदा परक्यांच्या हातीं जाईल, हीं त्यांचीं कारणें. परंतु १९०६ सालीं स्वित्झर्लंडमधील बर्न येथें युरोपांतील कांहीं राष्ट्रांनीं करार करून पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्यांना मनाई केली. हिंदुस्थानांतहि १९१३ सालीं तसा कायदा झाला.

या मनाईंतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारखानदाराचा हेतु काय होता, असें त्या वेळीं कोणी विचारलें नाहीं. कोणाहि कारखानदारानें मुलींचे जबडे कुजविण्याच्या हेतूनें आगकाड्या केल्या नव्हत्या; त्याला चूल पेटावयास हवी होती. कायद्यानें पाहिलें तें मुलीच्या तोंडाकडे.

आतां तोफेच्या गोळ्याकडे वळूं. जळता फॉस्फरस कातडीला चिकटला म्हणजे झटकून जात नाहीं. हवा मिळेतों जळत राहतो व मांसांत खोल उतरतो. ओलें फडकें घट्ट दाबलें तर विझतो. फडकें काढून जखम कोरडी झाली कीं पुन्हां पेटतो. २००९ च्या जानेवारींत गाझा शहरांतील डॉक्टरांनीं हें पाहिलें: मलमपट्टी सोडतांच जखमेंतून धूर निघूं लागे. तोच फॉस्फरस रक्तांत शिरून यकृत, मूत्रपिंड आणि हृदय यांस इजा करतो, त्यामुळें शरीराचा थोडाच भाग भाजला असतांहि माणूस दगावूं शकतो. उंदीर मारण्याच्या कांहीं लेपांत हाच पदार्थ असतो, आणि तो पोटांत जाऊन किती घरें उध्वस्त होतात हें आपल्या इस्पितळांतील डॉक्टर सांगतील.

मग याला आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो? येथें मला इसापनीतींतील वटवाघळाची आठवण होते. पशूंनीं पकडलें तर तें म्हणे, मी पशु आहें, हे माझे दांत पाहा. पक्ष्यांनीं पकडलें तर म्हणे, मी पक्षी आहें, हे माझे पंख पाहा. रासायनिक शस्त्रांना मनाई करणारा करार १९९३ सालीं सह्यांसाठीं खुला झाला व १९९७ पासून अंमलांत आला. त्याच्यापुढें फॉस्फरसचा गोळा म्हणतो, मी विष नव्हे. मी जाळून इजा करतों, विषानें नव्हे. आगलाव्या शस्त्रांविषयीं वेगळा करार आहे, तो १९८० सालच्या पारंपरिक शस्त्रांविषयींच्या कराराचा तिसरा प्रोटोकॉल. त्याच्यापुढें तोच गोळा म्हणतो, मी अग्नि नव्हे, मी धूर आहें. हें म्हणणें त्या प्रोटोकॉलच्या शब्दांत बसतेंहि. कारण ज्यांची रचना मुख्यतः आग लावण्यासाठीं केलेली आहे त्यांनाच तेथें आगलावीं शस्त्रें म्हटलें आहे, आणि धूर, उजेड किंवा इशारा यांसाठीं केलेले गोळे वगळले आहेत. शिवाय विमानांतून टाकलेल्या आगीला लोकवस्तींत साफ मनाई, पण जमिनीवरून तोफेनें फेकलेल्या आगीला अटींवर सवलत, असाहि भेद तेथें आहे. भाजणाऱ्या मुलाला ती आग आकाशांतून आली कीं तोफेंतून आली, यानें काय फरक पडतो, हें मला आजतागायत कळलेलें नाहीं.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. २००४ सालीं इराकमधील फलुजा शहरांत अमेरिकन सैन्यानें फॉस्फरस वापरला. तो केवळ उजेडासाठीं होता असें आधीं सांगण्यांत आलें. शत्रुसैनिकांवर आगलावें शस्त्र म्हणूनहि तो वापरल्याचें १९०५ च्या नव्हे, आपल्याच काळांतल्या २००५ च्या नोव्हेंबरांत कबूल करण्यांत आलें. गाझांत २००८-०९ च्या युद्धांत इस्रायली सैन्यानें १५५ मिलिमीटरचे फॉस्फरसचे गोळे दाट वस्तीवर फोडले. अशा एका गोळ्यांत फॉस्फरसनें भिजविलेले नमद्याचे ११६ तुकडे असतात. गोळा हवेंत फुटला म्हणजे ते जळत जळत चहूंकडे विखुरतात. १५ जानेवारी २००९ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या मदतकेंद्रांतील अन्नाचें व औषधांचें कोठार त्यानें पेटलें. दोनच दिवसांनीं बेत लाहिया येथील, निर्वासितांनीं भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शाळेवर असे गोळे आले व दोन लहान भाऊ ठार झाले. वस्तींत असे गोळे वापरणें बहुतांशीं थांबवूं, असें त्या सैन्यानें २०१३ सालीं जाहीर केलें. शाळेवर आग पडण्याला फॉस्फरसच लागतो असेंहि नाहीं. त्याच २०१३ च्या ऑगस्टांत सीरियांतील उरुम अल-कुब्रा येथें विमानांतून आगलावा बॉम्ब एका शाळेवर पडला. तीसहून अधिक जण मेले, आणि त्यांत बहुतेक विद्यार्थी होते.

कोणी म्हणेल, युद्धांत सगळींच शस्त्रें मारतात, मग आगीवरच एवढा रोष कां? प्रश्न रास्त आहे. गोळी लागून सैनिक पडला म्हणजे तो लढाईंतून गेला. गोळीचें काम तेथें संपतें. आगीचें काम तेथें सुरू होतें. हा भेद माणसांना फार पूर्वीं कळला होता. अग्नीनें पेटलेल्या टोकाचे बाण रणांत वापरूं नयेत, असें मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत सांगितलें आहे. (तेवढ्यावरून आपण छाती फुगविण्याचें कारण नाहीं, लाक्षागृह आणि खांडववन हींहि आपल्याच ग्रंथांत आहेत.) १८६८ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें राष्ट्रांनीं ठरविलें कीं ४०० ग्रॅमहून कमी वजनाची, फुटणारी किंवा पेटणाऱ्या द्रव्यानें भरलेली गोळी परस्परांच्या युद्धांत वापरावयाची नाहीं, कारण निकामी झालेल्या माणसाच्या यातना ती विनाकारण वाढविते. ४०० ग्रॅम! त्यानंतर शंभर वर्षेंहि झालीं नव्हतीं तों, १९४५ च्या ९ मार्चच्या रात्रीं, टोकियोच्या लांकडी घरांवर सुमारें १,६६५ टन आगलावे बॉम्ब पडले व उजाडेपर्यंत अंदाजें एक लाख माणसें मेलीं. त्या बॉम्बांत नापाम नांवाचें चिकट पेट्रोल होतें. हार्वर्ड विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञांनीं तें १९४२ सालीं तयार केलें, आणि विद्यापीठाच्याच खेळाच्या मैदानावर त्याची पहिली चांचणी झाली. तें पेटविण्यास पांढरा फॉस्फरसच घेतला होता. लहान गोळीला मनाई करणारा नियम मोडलाहि गेला नाहीं. बॉम्ब ४०० ग्रॅमहून जड होते.

हा लेख लिहीत असतां मीं तो एका पालकांस वाचून दाखविला. ते सातारा जिल्ह्यांतले, निवृत्त सुभेदार; १९७१ च्या युद्धांत लढलेले; नातू आमच्या शाळेंत आहे. शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही लिहितां तें खोटें नाहीं. पण आम्हीं उघड्या शेतांतून पुढें जात होतों, समोर मशीनगन होती, आणि आमच्या मॉर्टरवाल्यांनीं मध्यें धूर उभा केला. तो धूर नसता तर माझीं निम्मीं माणसें परत आलीं नसतीं. तो फॉस्फरसचाच होता."

यावर मला लगेच उत्तर सुचलें नाहीं. ज्याची माणसें वांचलीं त्याला नीतिशास्त्र शिकविणारा मी कोण? पण नंतर विचार करतां असें दिसतें कीं सुभेदारसाहेबांस धूर हवा होता, जखमेंत पुन्हां पेटणारा कण नव्हे. गृहिणीस जशी चूल हवी होती, काडी बुचकळणारीचा कुजका जबडा नव्हे. धूर दुसऱ्या द्रव्यांचाहि होतो. लाल फॉस्फरसचे धूरगोळे निघाले आहेत व कांहीं सैन्यांनीं ते वापरांत घेतले आहेत. तो अगदीं निरुपद्रवी आहे असें मी म्हणत नाहीं. जळतें तें सर्व भाजतेंच. परंतु कारखानदारांस जें सांगण्यांत आलें, कीं थोडी महाग पडली तरी दुसरी काडी करा, तेंच सेनापतींस सांगतां येणार नाहीं असें कांहीं दिसत नाहीं.

आणि दुसरें असें कीं, शेतांतील धूर आणि वस्तींतील धूर एक नव्हे. सुभेदारसाहेबांच्या शेतांत त्या दिवशीं सैनिकांवांचून कोणी नव्हतें. गाझाच्या गल्लींत स्वयंपाक चालला होता. तिसऱ्या प्रोटोकॉलच्या व्याख्येंत "रचना कशासाठीं" याच्या जागीं "परिणाम काय" एवढे शब्द आले, आणि तोफ व विमान यांतील भेद निघाला, तर वटवाघळाला दोन्हीं दारें बंद होतील. आपला देश १९८४ पासून त्या प्रोटोकॉलचा सभासद आहे. ही दुरुस्ती मागण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे, आणि ती त्यानें मागावी असें माझें मत आहे. सह्या न करणारीं राष्ट्रें राहतीलच. बर्नच्या करारावरहि आरंभीं थोड्याच राष्ट्रांनीं सही केली होती.

हें सर्व मीं सुभेदारसाहेबांस पुन्हां जाऊन सांगितलें. त्यांनीं लाल फॉस्फरसचा धूर तितकाच दाट होतो का, वाऱ्यावर किती टिकतो, गोळा किती जड होतो, असे चार नेमके प्रश्न विचारले. दोहोंचीं उत्तरें मला आलीं, दोहोंचीं आलीं नाहींत. मग म्हणाले, "लेख छापून आला म्हणजे एक प्रत नातवाबरोबर पाठवा. पण धुरानें माझीं माणसें वांचलीं, तें गाळूं नका."

तें गाळलेलें नाहीं.