विश्लेषण : मांजरासाठी विकतचे ‘लिटर’ की भाताचे तूस? जव्हार-मोखाड्यात परवडणारा पर्याय कोणता?

पाड्यावरचे मांजर शेतात, अंगणात जाऊन येते. त्याला ट्रेची गरज नसते. पण जव्हार किंवा मोखाड्यात भाड्याच्या खोलीत मांजर पाळायचे तर शी-शूची सोय घरातच करावी लागते. अशा वेळी ‘कॅट लिटर’ची पिशवी पुन्हा पुन्हा विकत घ्यायची, की भाताच्या गिरणीतून निघणारे तूस वापरायचे? तूस नक्की चालते, पण त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात.

विकतचे लिटर कशाचे असते?

पूर्वी पाश्चात्त्य घरांतही मांजरासाठी राख, वाळू किंवा मातीच वापरत. १९४७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो यांनी शोषक माती पिशवीत भरून विकायला सुरुवात केली आणि हा व्यवसाय उभा राहिला. आज सर्वाधिक दिसणारे लिटर बेंटोनाइट मातीचे असते. लघवी पडली की तिचा घट्ट गोळा होतो आणि तेवढाच उचलून टाकता येतो. भारतात ही माती प्रामुख्याने गुजरात आणि राजस्थानात खणून काढली जाते. ती कुजत नाही. सोयाबीनचा चोथा, लाकूड किंवा नारळाचा भुसा यांपासून बनवलेली लिटर ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जातात.

तुसाचा फायदा काय, तोटा काय?

१०० किलो भात भरडला की साधारण २० किलो तूस निघते. ते हलके असते आणि लवकर सडत नाही. मात्र त्यात सिलिका भरपूर असल्याने ते लघवी कमी शोषते आणि त्याचा गोळाही होत नाही. त्यामुळे नुसते तूस वापरण्यापेक्षा त्यात लाकडाचा भुसा किंवा नारळाचा भुसा (कोकोपीट) मिसळणे चांगले.

दुसरी अडचण गिरणीची. गावातल्या जुन्या पद्धतीच्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतात. कोंड्यात तेल आणि पोषक अंश असतात. त्यामुळे मुंग्या-उंदीर येतात आणि ओल लागली की बुरशी धरते. म्हणून तूस चाळून, कडक उन्हात वाळवूनच वापरावे. भात दिवाळीच्या आसपास निघतो. तेव्हाच तूस घेऊन झाकणाच्या पिंपात भरून ठेवले, तर जव्हारच्या धो-धो पावसाळ्यात अडचण येत नाही.

भुसा आणि राख चालते का?

साध्या लाकडाचा भुसा चालतो. प्लायवूड किंवा एमडीएफचा नको, कारण त्यात डिंक आणि रसायने असतात. भुशातील बारीक पूडही चाळून काढावी, ती श्वासातून आत जाते. चुलीची राख टाळावी. ती अल्कधर्मी असल्याने लघवीतील अमोनियाचा वास उलट वाढतो आणि ओली राख पंजांना त्रास देते. ट्रे धुण्यासाठी फिनाईल वापरू नये, ते मांजरांसाठी विषारी ठरू शकते. साबण आणि गरम पाणी पुरेसे आहे.

खर्च कसा मोजायचा?

फक्त पिशवीची किंमत बघून उपयोग नाही, ती किती दिवस पुरते हेही पाहावे. समजा, ३०० रुपयांची पिशवी २० दिवस पुरली, तर महिन्याचा खर्च ४५० रुपये. तुसाचा गोळा होत नसल्याने विष्ठा रोज काढावी लागते आणि दोन-तीन दिवसांनी सगळा थर बदलावा लागतो. म्हणजे पैसे वाचतात, पण काम वाढते.

रोजची सफाई इतकी महत्त्वाची का?

मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरू शकतो. विष्ठा बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणूनच विष्ठा रोज काढली की धोका बराच कमी होतो. गर्भवतीला पहिल्यांदाच ही लागण झाली तर बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. त्यामुळे घरात गर्भवती असेल तर ट्रे दुसऱ्याने साफ करावा. कोणीच नसेल तर हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. त्यासाठी मांजर सोडून देण्याची गरज नाही. कच्चे राहिलेले मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही ही लागण होते.

वापरलेले तूस कुठे टाकायचे?

तूस ‘नैसर्गिक’ आहे म्हणून ते थेट परसबागेत टाकणे चूक आहे. घरगुती खतखड्ड्यात हा परजीवी मरेल इतकी उष्णता तयार होईलच असे नाही आणि ओल्या मातीत तो वर्षभरही टिकू शकतो. मोखाड्यात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, तेव्हा असलेली विहीर किंवा झरा दूषित होणे परवडणारे नाही. म्हणून पाण्यापासून, ओढ्यापासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर, खोल खड्डा करून ते पुरावे. शहरात पिशवीत बांधून घंटागाडीत द्यावे.

मग निवड कोणती?

रोज सफाई करायला माणूस आणि पुरायला जागा असेल, तर चाळलेले तूस आणि भुसा यांचे मिश्रण सर्वात परवडते. या दोन्ही गोष्टी नसतील, तर गोळा होणारे विकतचे लिटर घेणेच सोयीचे. बदल मात्र हळूहळू करावा. जुन्या लिटरमध्ये थोडे थोडे तूस वाढवत न्यावे, नाहीतर मांजर ट्रे सोडून घरातला कोपरा शोधते.