मनीची साखर

आमच्या वाशिमात माणसाला मधुमेह झाला तर हळहळतात. मांजरीला झाला की हसतात. हसण्याचं काही नाही हो, पण सल्ले! शेजारचे नाना स्वतः टोचून घेणारे. मनीच्या कानाच्या थेंबात साखर निघाली ३८०. नाना गरजले, "दोन युनिट वाढवा!" अहो, ती घेतेच मुळी एक युनिट, सकाळ-संध्याकाळ! मांजराची साखर नुसत्या धास्तीनंही चढते. आणि नाना दारात दिसले की मनी धास्तावतेच. चढलेली साखर उद्या पुन्हा बघता येते, फार उतरली तर काही तासांत जीव जातो. वर नानांनी स्वतःची बाटली देऊ केली. ती शंभराची, आमची सिरिंज लाल टोपणाची, चाळिसाची. म्हणजे एकाचे अडीच! डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक रेघसुद्धा वाढणार नाही, असं नानांना स्पष्ट सांगितलं आणि चहा दिला. बिनसाखरेचा.