कुणी पाहत असताना

"काका, 'पार्टी'ला मराठीत काय म्हणू?" रोह्यात आमच्या शेजारी राहणारी मानसशास्त्राची विद्यार्थिनी परवा कागद घेऊन आली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मायकेल लिबोविट्झ यांनी १९८७ साली चारचौघांत वाटणाऱ्या भीतीचं मोजमाप करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत २४ प्रसंग आहेत. प्रत्येकाची भीती किती वाटते आणि तो किती टाळता, यांना ० ते ३ गुण. तिला ती मराठीत आणायची होती. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला शब्द सापडतीलच, हा तिचा भाबडा विश्वास!

मी मात्र एका ओळीपाशी थबकलो. 'कुणी पाहत असताना लिहिणे.'

मी पेणला बँकेत होतो, तेव्हाची गोष्ट. गणपतीच्या कारखान्यात काम करणारा एक रंगारी पैसे काढायला आला. स्लिपवरची सही जुळेना. "पुन्हा करा," मी म्हणालो. मागे रांग खोळंबलेली. दुसरी सही पहिलीपेक्षा वाकडी, तिसऱ्या वेळी हात लटपटू लागला. तो स्लिप तिथेच टाकून निघून गेला. मला वाटलं, काहीतरी गोम आहे. पुढे श्रावणात त्याच्या कारखान्यात गेलो, तर हा पाठमोरा बसून मूर्तीचे डोळे आखत होता. रेषा केसासारखी बारीक, हात दगडासारखा स्थिर. मी आल्याची चाहूल लागली आणि कुंचला थांबला.

तेव्हा मला उमगलं. रोह्याला बदली झाल्यावर अशा खातेदारांना मी केबिनमध्ये बसवत असे, पाणी देत असे आणि सही करताना खिडकीबाहेर पाहत असे. बहुतेकांची सही जुळे.

ती ओळ मराठीत जशीच्या तशी येते. सगळ्याच येत नाहीत. अनोळखी माणसाच्या नजरेला नजर देणं तिकडे साधी गोष्ट; आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणारी मुलगी आजारी नसते, तिला तसं वळण लावलेलं असतं. तिला गुण दिले, तर रीतीलाच रोग ठरवल्यासारखं होईल. उलट बारशात उखाणा घ्यावा लागेल म्हणून आजारपणाचं निमित्त काढणारी बाई 'पार्टी'च्या प्रश्नातून निसटून जाईल. पंगतीत घास न उतरणारा मुलगाही तसाच.

शब्दांचंही तेच. लाज, संकोच, भीड, बुजरेपणा; प्रत्येकाचं वजन वेगळं. इंडोनेशियात 'मालू' या एकाच शब्दात लाजणंही येतं आणि शरमणंही. तिथल्या भाषांतरकारालाही हाच पेच पडणार. आपण तर भिडेला भिकेची बहीण म्हणतो आणि 'भिडस्त' माणसाचं कौतुकही करतो!

म्हणूनच शास्त्रात याची एक रीत आहे. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, ते जुळवायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं, मग साध्या माणसांना विचारायचं की तुम्हाला यातून काय कळलं. त्यानंतर अनेकांवर चाचणी. हे काम आपल्याला नवं नाही. बिने यांची बुद्धिमापन चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० सालचं आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण ही भीती समुपदेशनाने, वर्तनोपचाराने आणि गरज पडल्यास औषधांनी आटोक्यात येऊ शकते. पण आधी ती ओळखावी लागते. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही, डॉक्टरांचं दार मात्र दिसतं. त्या रंगाऱ्याला आम्ही दाखवला तो सही न जुळल्याचा शेरा.

'पार्टी'साठी आम्ही 'घरचं कार्य' लिहिलं. निघताना मी तिला म्हणालो, "पोरी, चारचौघांत हे प्रश्न मोठ्याने विचारू नकोस. कागद त्याच्या हातात दे, आणि तो लिहीत असताना तू दुसरीकडे बघ."