वाळीत टाकलेल्या घराचा रोजा

रमजानमध्ये मगरिबच्या अजानआधीचा अर्धा तास आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यात मुलांचा असे. रुमालाने झाकलेली इफ्तारची ताटे घेऊन आम्ही घरोघर पळायचो. खजूर, केळ्याच्या फोडी, भजी, कधी सांदण. एका वर्षी आईने ताट हातात देताना बजावले, "विहिरीपलीकडच्या घरी द्यायचे नाही." त्या घराला जमातीने वाळीत टाकले होते. जमिनीच्या वादात घरच्या कर्त्याने जमातीचा निवाडा न मानता कोर्टाची पायरी चढली, एवढाच त्याचा गुन्हा. मी त्या घरावरून गेलो तेव्हा ओट्यावर माझ्याच वर्गातला मुलगा बसला होता. त्यालाही रोजा होता. मी मान खाली घालून पुढे गेलो.

रोजा माणसाला दुसऱ्याच्या भुकेची जाणीव देतो, असे आपण दरवर्षी या पानावर वाचतो. ते खरेच आहे. पण आपण स्वतःहून धरलेला उपवास संध्याकाळी सुटतो. दुसऱ्याने लादलेली उपेक्षा कधी सुटेल, हे वाळीत टाकलेल्या माणसाला माहीत नसते.

इस्लामच्या इतिहासातच या जाचाची एक मोठी कहाणी आहे. मक्केच्या कुरैश सरदारांनी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या बनू हाशिम घराण्यावर बहिष्कार घातला. त्यांच्याशी सोयरीक करायची नाही, खरेदी-विक्री करायची नाही, असा लेखी करार करून तो काबागृहात लटकवला. सुमारे तीन वर्षे हे घराणे शिअब-ए-अबी तालिब या घळीत अडकून पडले. झाडपाला खाऊन दिवस काढले. भुकेल्या मुलांचे रडणे घळीबाहेर ऐकू येत असे, असे चरित्रकार सांगतात. घराण्यातल्या ज्यांनी इस्लाम स्वीकारला नव्हता, त्यांनीही हे हाल सोसले. हा बहिष्कार मोडला तो मात्र बहिष्कार घालणाऱ्यांच्याच बाजूच्या काही माणसांनी. हिशाम बिन अम्र, मुतइम बिन अदी आणि त्यांचे साथी उभे राहिले आणि म्हणाले की हा करार अन्यायाचा आहे. त्या वेळी ते मुसलमान नव्हते. अन्याय आपल्याच लोकांनी केला आहे, हे त्यांना कळले आणि ते गप्प बसले नाहीत.

ज्यांच्या पैगंबरांनी हे भोगले, त्यांच्याच जमाती पुढे हे हत्यार हाती घेतात. कोणी आंतरजातीय लग्न केले म्हणून, कोणी मशिदीच्या हिशेबाची विचारणा केली म्हणून, कोणी वेगळ्या उमेदवाराला मत दिले म्हणून. याच्या समर्थनार्थ तबूकच्या मोहिमेत न गेलेल्या तीन साथींचा दाखला दिला जातो. त्यांच्याशी लोकांनी पन्नास दिवस बोलणे सोडले होते, हे खरे. पण तो प्रसंग तौबा कबूल होऊन संपला. कोणाचे दुकान बंद पाडले नव्हते, कोणाची मय्यत अडवली नव्हती. उलट भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरणे मुसलमानाला योग्य नाही, अशी हदीस आहे. ती तरावीहनंतरच्या बयानात जमातीच्या कारभाऱ्यांसमोर किती वेळा सांगितली जाते?

हा केवळ आमचाच दोष नाही. गावकी, भावकी, जातपंचायत या नावांनी तो महाराष्ट्रभर पसरलेला आहे. रायगड जिल्ह्यातली अनेक प्रकरणे गेल्या दशकात पोलिसांपर्यंत गेली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 2013 मध्ये जातपंचायतींविरुद्ध मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सोडले नाही. एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै 2017 पासून लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

या कायद्याला एक मुस्लिम इतिहासही आहे. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मसंप्रदायाच्या स्वातंत्र्याचा आधार घेऊन तो बहुमताने रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. बोहरा सुधारकांनी लढाई चालू ठेवली. डॉ. असगर अली इंजिनियर यांनी हल्ले सोसले, बहिष्कार सोसला, आणि 2013 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते कुरआनच्याच आधारे बोलत राहिले. हा प्रश्न 2023 मध्ये घटनापीठाने नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. म्हणजे दाभोलकरांची मोहीम आणि इंजिनियर यांची लढाई यांचा विषय एकच होता. एक नास्तिक, दुसरे धर्मनिष्ठ. आपण मात्र ही दोन माणसे दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवली.

सरकारने धर्मात का पडावे, असा आक्षेप घेतला जाईल. नमाज कशी पढावी, इमाम कोण असावा, हे सरकारने ठरवू नये, हे मलाही मान्य आहे. पण माणसाचे दुकान, त्याच्या मुलीचे लग्न आणि त्याच्या आईच्या कबरीची जागा जमातीच्या मर्जीवर राहते तेव्हा विषय श्रद्धेचा उरत नाही. दुसरी भीती आहे ती कायदा आमच्याच विरुद्ध वापरला जाण्याची. ती निराधार नाही. पण त्यावरचा उपाय दूर राहणे हा नाही. कायदा राबवताना सर्वांना एकच माप लागावे, हे सांगायला आपण तेथे हजर असले पाहिजे.

आणि आपल्याकडे मागण्यासारखेही आहे. हा कायदा मुख्यतः एका समाजाने आपल्याच सदस्याला वाळीत टाकण्याविषयी बोलतो. एका समाजाने दुसऱ्याकडून खरेदी करू नये, जत्रेत त्याचे दुकान लागू देऊ नये, अशी हाक दिली जाते, ती त्याच्या चौकटीत नीट बसत नाही. 2025 मध्ये मढीच्या ग्रामसभेने यात्रेतल्या मुस्लिम दुकानदारांविरुद्ध ठराव केला, तेव्हा ही उणीव जाणवली. आमदारांनी ती भरून काढावी, अशी मागणी मुसलमानांनी जरूर करावी. पण ही मागणी करणाऱ्या जमातीच्या हातात स्वतःच्या गावातल्या बहिष्काराचा ठराव नसावा. न्यायासाठी उभे राहताना स्वतःविरुद्ध, आईवडील आणि नातलगांविरुद्ध साक्ष द्यावी लागली तरी ती द्या, हा सूरह निसामधला आदेश अशा वेळेसाठीच आहे.

या कामात एकटे जाण्याचेही कारण नाही. नुबुव्वत मिळण्याआधी पैगंबर (स.) हिल्फुल फुजूल या करारात सामील झाले होते. मक्केत एका परक्या व्यापाऱ्याचा माल घेऊन पैसे बुडवले गेले, तेव्हा पीडित कोणीही असो, त्याच्या बाजूने उभे राहण्याची ती शपथ होती. करार करणारे मुसलमान नव्हते, तरी अशा कराराला आजही बोलावले तर मी जाईन, असे पैगंबरांनी पुढे म्हटल्याचे नोंदले आहे. महाडला डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेबांच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुसलमानाने दिली. ही आपलीच परंपरा आहे.

अलीकडे रमजान आणि विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन मागेपुढे येतात. आपली शिष्टमंडळे मंत्रालयात जातात ती कब्रस्तानची भिंत, वक्फची जमीन, ईदचा बंदोबस्त यांसाठी. ही कामे आवश्यकच आहेत. त्यांच्याबरोबर एक कागद आणखी न्यावा. त्यात बहिष्कार कायद्याची उणीव भरण्याची आणि प्रत्येक तालुक्यात त्याची नीट अंमलबजावणी करण्याची मागणी असावी. त्यावर आपल्यासोबत भटक्या-विमुक्त समाजातल्या, कोळी समाजातल्या वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्याही सह्या असाव्यात.

त्याआधी घरातले काम आहे. जमातीने जुम्याच्या नमाजनंतर जाहीर करावे की येथे कोणालाही वाळीत टाकले जाणार नाही, आणि कायद्यातल्या तरतुदी मराठीत लिहून मशिदीच्या फलकावर लावाव्यात. माझ्या वर्गातला तो मुलगा दहावीनंतर कुटुंबासह मुंबईला गेला. पुन्हा भेटला नाही. तुमच्या गावात असे एखादे घर अजून असेल, तर फित्र्याचा हिशेब करण्याआधी, आज मगरिबच्या अजानआधी, इफ्तारचे ताट तेथे पाठवा. मुलाच्या हाती नको, स्वतः घेऊन जा.