आमची गाडी भंगाराच्या काट्यावर टाकू नका!



वेचणी ऐन भरात आहे. घरात कापूस आढ्याला टेकला आहे. उद्या माल बाजारात नेला तर भाव बरा आहे. आणि नेमका आज मॅटेडोरचा गियरबॉक्स गेला! आमच्यापैकी किती जणांनी हे भोगले आहे? तालुक्याच्या दुकानात उत्तर मिळते, "हे मॉडेल बंद झालं. नवी गाडी घ्या." नवी घ्यायची ऐपत असती तर जुनी कशाला रेटली असती?

शेवटी पार्ट मिळतो तो भंगारवाल्याच्या आवारात. मागून ठोकर बसलेल्या मॅटेडोरची हौद चेपते, पण तिचे इंजिन आणि गियरबॉक्स पुढे असतात, ते शाबूत राहतात. मर्सिडीजच्या बनावटीचे डिझेल इंजिन नंतरच्या मॅटेडोरला होते, तेच ट्रॅक्सला आणि ट्रॅव्हलरलाही होते. म्हणून एका गावची ट्रॅक्स मोडते आणि दुसऱ्या गावची मॅटेडोर जगते. ज्या बजाज टेम्पोने ती गाडी बनवली, तिचे नावसुद्धा २००५ मध्ये बदलले. गाडी मात्र अजून कापूस आणि ज्वारी वाहते आहे. कुर्ला, दिल्लीचे मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट हे बाजार याच कामावर उभे राहिले.

आता सरकारचा हिशेब पाहा. १८ मार्च २०२१ रोजी लोकसभेत भंगार धोरण जाहीर झाले. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला नोंदणीकृत भंगार केंद्रांचे नियम निघाले. जुनी गाडी द्या, नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के घ्या. नवी गाडी ८ लाखांची असेल तर हातात येणार ३२ ते ४८ हजार. बाकीचे साडेसात लाख कोण देणार? बँक देणार आणि वसुलीला आमच्याच दारात येणार. जो जुनीच चालवील त्याला शुल्काचा बडगा. १५ वर्षांवरच्या ट्रकच्या फिटनेसची फी १ एप्रिल २०२२ पासून १,५०० वरून १२,५०० रुपये झाली.

१ एप्रिल २०२५ पासून गाडी कारखानदारांवरही जबाबदारी आली. ती मोजतात कशात? पोलादाच्या वजनात! चालता गियरबॉक्स भट्टीत गेला तरी हिशेब पुरा. सरकार किलो मोजते, आम्ही नग मोजतो. भांडण एवढेच आहे. त्याच नियमांतून ट्रॅक्टर, शेतीची ट्रॉली आणि पॉवर टिलर वगळले आहेत. म्हणजे शेतकऱ्याच्या यंत्राचे आयुष्य वेगळे, हे दिल्लीला कळते. मग शेतातला माल बाजारात नेणारी गाडी काय शहरातल्या शेठची मोटार आहे?

विरोधक म्हणतील, भंगार बाजार म्हणजे चोरबाजार. मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या फुटत होत्या, पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजार बंद केला. चोराला जरूर धरा. पण एका पोत्यात खडे निघाले म्हणून सारे मार्केट यार्ड बंद करता काय? चोरी थांबते ती पावतीने. चासी नंबर पावतीवर आला की चोर उघडा पडतो.

एकच गिऱ्हाईक नेमला की काय होते, हे कापूसवाल्याला शिकवायला नको. १९७१ च्या कायद्याने एकाधिकार आला. कापूस सरकारलाच विका, राज्याबाहेर नेला तर गुन्हा. भाव ठरवणारा तो, प्रत ठरवणाराही तोच. भंगारालाही एकच दार ठेवले तर दुसरे काय होणार?

आम्ही मोडकी गाडी रस्त्यावर दामटा म्हणत नाही. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी चाचणीत नापास झालीच पाहिजे. आमच्या माणसांनीही शिस्त पाळावी. गियरबॉक्स, सेल्फ, स्टिअरिंग बॉक्स, दारे, काचा भंगारातून घ्या. गियरबॉक्सचे तेल काढून बघा, त्यात लोखंडाचा चुरा दिसला तर हात लावू नका. ब्रेकचे लायनर, सिलिंडरचे रबर, टायरॉड एंड मात्र नवेच घाला. तिथली काटकसर पोराबाळांच्या जिवावर बेतते.

आमच्या मागण्या :

१. भंगार केंद्रांनी चालते पार्ट आधी सुटे करून उघड भावाने विकावेत. उरेल ते भट्टीत जावे.

२. लहान भंगारवाल्याला सोप्या अटींवर नोंदणी द्यावी. प्रत्येक विक्रीला चासी नंबरची पावती सक्तीची करावी.

३. गाडीची लायकी वयावर नव्हे, चाचणीवर ठरवावी. चाचणीची फी शेतकऱ्याला झेपेल एवढीच असावी.

४. मॉडेल बंद केल्यावर किती वर्षे पार्ट पुरवणार, हे विक्रीच्या वेळीच लेखी द्यावे.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने यादी आणावी. गावात जुन्या गाड्या किती, कोणता पार्ट मिळाला नाही, त्यापायी किती दिवस माल घरात पडला. ती यादी घेऊन आम्ही कलेक्टर कचेरीवर जाऊ. आमचा कापूस त्यांनी काट्यावर मारला. आता गाडी तरी मारू देणार नाही.